माझ्या नावापुढची रेघ

"आओ, एक-एक करके. हाथ से देखो. उल्टी बच्चेदानी रोज़ नहीं मिलती."

मॅडम हे बोलल्या तेव्हा माझे पाय टेबलाच्या दोन्ही बाजूंना पट्ट्यांत अडकवलेले होते. सलवार खुंटीवर होती. मॅडम माझ्याशी बोलत नव्हत्या. दारात शिकाऊ डॉक्टर उभे होते, त्यांच्याशी बोलत होत्या.

चौघं होते. मला कुणी विचारलं नाही. एकीने हात घातला, दुसऱ्या हाताने पोट दाबलं, हात काढला. पुढचा आला.

"मिला?"

"जी मैम."

"तुम्हें?"

"नहीं मैम."

"फिर से देखो. पीछे की तरफ़ जाओ."

एसीच्या जाळीला निळी रिबन बांधलेली होती. ती फडफडत होती. मी रिबन पाहत राहिले. दुखत होतं, पण ते दुखणं माझ्यापासून जरा लांब, शेजारच्या खोलीत चालल्यासारखं.

संपल्यावर मी उठले. सलवार घातली, नाडी बांधली, ओढणी नीट केली. आणि म्हणाले, "थँक यू मॅडम."

ते सगळे हात धूत होते.

त्या दिवसाचं बाकी पुष्कळ पुसट झालंय. माझं थँक यू तेवढं स्वच्छ ऐकू येतं.

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. घरातली पहिली ग्रॅज्युएट, बी.एस्सी. माय अंगणवाडीत मदतनीस. माझ्या शिक्षणातली प्रत्येक वस्तू कुणीतरी दिलेली. गणवेश शाळेचा, सायकल योजनेतली, अकरावीची पुस्तकं सायन्सच्या बाईंनी दिलेली. दर वेळी स्टेजवर जायचं, वाकायचं, घ्यायचं, फोटोसाठी थांबायचं. माय म्हणायची, "ज्यानं देलं त्याचं नाव घेत राय. विसरली त पुन्हा कोणी देत नाही." मी विसरले नाही. त्या बाईंना आजही दर दिवाळीला फोन करते आणि तो मनापासून असतो. पण त्या सवयीने माझ्यात एक खोड राहून गेली. समोरचा माणूस मोठा दिसला की तो काही देतोय असंच मला वाटायचं. तो काही घेत असला तरी.

नवरा फौजेत नायक. जयपूरला पोस्टिंग झाली, क्वार्टरचा नंबर लागायचा होता, म्हणून आम्ही मुरलीपुऱ्यात दोन खोल्या घेतल्या. मला जवळच्याच पंपांच्या कारखान्यात क्वालिटीत नोकरी मिळाली. तयार पंप माझ्या टेबलावरून जातो. कागदावर माझी सही झाल्याशिवाय खोकं बंद होत नाही. शंका आली की मी लाल पट्टी लावते. पट्टी लागली की माल थांबतो. मालक आला तरी थांबतो. आधी थांबवायचं, काय कारण ते मागाहून लिहायचं.

पाळीत माझं पोट फार दुखायचं. दोन दिवस मी कारखान्याच्या बाथरूममध्ये भिंतीला डोकं टेकून उभी असायची. लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. एकदा पलटनीतल्या बायकांच्या बैठकीत साहेबांच्या मेमसाहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "चार साल हो गए, गुड न्यूज़ कब दे रही हो?" बायका हसल्या. मीही हसले. मग त्या म्हणाल्या, "मेरी दीदी बड़ी डॉक्टर हैं. फोन कर दूँगी. लाइन में नहीं लगना पड़ेगा."

मी त्यांच्या पाया पडले. खरंच पडले.

त्यांच्या त्या दीदी म्हणजे या मॅडम. राहायला सिव्हिल लाइन्सच्या बड्या वस्तीत, आणि एका मोठ्या शिकवण्याच्या हॉस्पिटलात स्त्रीरोग विभागाच्या प्रमुख.

गर्भाशय मागे कललेलं आहे, एवढंच मला कळलं, तेही मॅडम शिकाऊंना सांगत होत्या म्हणून. नवऱ्याने ते घरी फोनवर सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "उलट्या पिशवीत काय राहीन, बाई?" त्या वाईट बोलल्या नाहीत. त्यांनी हिशेबाने विचार केला. मला तो पटला. सहा महिने मी तो पटवून घेऊन जगले. ओट्याशी उभी असताना, बसमध्ये, नवऱ्याशेजारी झोपताना. माझ्यात एक भांडं पालथं ठेवलेलं आहे, असं.

दुसऱ्या वेळी आतून कॅमेरा घालून पाहणार होते आणि आतला छोटा तुकडा तपासणीला काढणार होते. भूल देणारे डॉक्टर दुसरीकडे अडकले होते. सिस्टरने विचारलं, "मैम, रुकें?"

"अरे गाँव की है, सह लेगी. इनके यहाँ तो खेत में जनती हैं और शाम को रोटी बनाती हैं."

कुणीतरी हसलं. मग कळ आली. नाभीपासून मांडीपर्यंत एकच. माझ्या तोंडून आवाज निघाला तर सिस्टर म्हणाली, "मैरिड हो ना? इतना क्या चिल्लाना." मी आवाज बंद केला. रिबन फडफडत होती. त्या दिवशीही निघताना मी थँक यू म्हणाले.

बाहेर नवरा कचोरी घेऊन उभा होता. विचारलं, "झालं?" मी म्हटलं, "झालं." गरम कचोरी मी उभ्या उभ्या खाल्ली. चव लागली नाही.

त्या आठवड्यात मायला फोन केला. सांगायचं नव्हतं, पण सांगितलं. ती म्हणाली, "मले त चापट मारली होती." तिने नसबंदीच्या कॅम्पची गोष्ट सांगितली. शाळेच्या वर्गात सतरंजीवर ओळीने बाया निजवलेल्या. टाके घालताना माय हलली म्हणून डॉक्टरने गालावर मारली. "मंग मी हललीच नाही," माय म्हणाली आणि हसली. "जाताना पाया पडली मी त्याच्या. मोठा माणूस होता बाई."

मी फोन ठेवला. रडू आलं नाही. गाल मात्र गरम लागत होता. माझा गाल.

तिसऱ्या वेळी गर्भाशयाच्या नळ्यांत औषध सोडून एक्स-रे काढायचा होता. सिस्टरने माझी फाइल माझ्याच हातात दिली आणि बाकावर बसवलं. नवरा खाली गाडी लावत होता. समोर कागद आला की मी वाचते. माझं कामच ते. मी पहिल्या पानापासून वाचू लागले.

तीन संमतीपत्रं होती. तिन्हींवर खाली 'मरीज़ के हस्ताक्षर' आणि पुढे रेघ. तिन्ही रेघांवर माझ्या नवऱ्याची सही. पहिल्यावर एका ओळीत लिहिलं होतं, विद्यार्थ्यांनी तपासायला हरकत नाही. तिथे बरोबरची खूण. दुसऱ्यावर लिहिलं होतं, भूल न देता करायला हरकत नाही. तिथेही खूण. आजच्या कागदावर सही मागच्या खेपेलाच घेऊन ठेवलेली, आणि दोन्ही खुणा आधीच केलेल्या होत्या.

माझी सही कुठेच नव्हती. एका पंपाला जेवढं विचारतात तेवढंही मला विचारलं नव्हतं.

मी मोबाइल काढला आणि तिन्ही कागदांचे फोटो घेतले. तेवढ्यात नाव पुकारलं. आत चौघं उभे होते. वेगळे चौघं.

"लेटो," सिस्टर म्हणाली.

"मैंने साइन नहीं किया है."

"हस्बैंड ने किया है ना. वही चलता है."

"मेरा नहीं है."

मॅडम वळल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. "क्या प्रॉब्लम है?"

मी विचारलं, "मैडम, बच्चेदानी उल्टी होने से क्या होता है?"

"होता क्या है? कुछ नहीं. बहुत औरतों की होती है. जैसे कोई बाएँ हाथ से लिखता है."

"बच्चा रुकता है उससे?"

"अपने आप में नहीं. किसने कहा?"

इथल्या कुणी म्हटलं नव्हतं. आणि तसं नसतं हेही कुणी सांगितलं नव्हतं.

"तो सबको क्यों दिखाया?"

"टीचिंग के लिए अच्छा केस है." त्यांनी घड्याळ पाहिलं. "देखो, मेमसाहेब का फोन न आता तो अभी तीन महीने लाइन में होतीं. बी.एससी. कर ली तो डॉक्टर बन गई क्या? लेटो."

माझे हात गार होते. बाकी काही वाटत नव्हतं, ना राग, ना भीती. टेबलावर लाल पट्टी लावताना असते तेवढीच शांतता.

"बिना पूछे कोई हाथ नहीं लगाएगा. सुन्न करके करेंगे. और साइन मैं करूँगी."

"तो कहीं और दिखा लो."

"जी."

थँक यू म्हणाले नाही. जीभ सवयीने वर उचलली गेली होती. मी ती खाली ठेवली.

पायऱ्यांवर नवरा भेटला. सगळं ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. "काहून असं केलं तू? मेमसाहेबांना काय सांगू मी?"

"सांगा, ती नाही म्हणाली."

"माह्यावर येईन ते."

"येऊ द्या. ती सही तुम्ही वाचून केली होती?"

त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली. मग म्हणाला, "सिस्टरनं बोट ठेवलं तिथं केली. पलटनीत तसंच असते."

"मी पलटनीत नाही."

त्याने गाडी चालू केली. मी मागे बसले.

आता बैठकीचा निरोप मला येत नाही. नवऱ्याला कुणी काही बोललं की नाही, तो सांगत नाही. मी हॉस्पिटलच्या नावाने दोन पानी तक्रार लिहिली, हिंदीत, स्वतःच्या अक्षरात, फोटो जोडून. माझ्या प्रतीवर शिक्का मारून घेतला. उत्तर आलेलं नाही. आठवणीचं दुसरं पत्र काल दिलं. तिसरंही देईन.

पोट दुखतंच. ते कशाने दुखतं हे अजून कुणी सांगितलेलं नाही. मूल होईल की नाही, माहीत नाही. नवीन डॉक्टर शोधायचा आहे आणि तिथे रांग असेल. मी रांगेत उभी राहीन. उपकाराच्या दाराने जाणार नाही.

माझ्या नावापुढची रेघ माझी आहे. कागद मी वाचेन, मग सही करेन किंवा करणार नाही. माझ्या आत हात घालण्याआधी मला विचारावं लागेल. दर वेळी. मोठ्या डॉक्टरने, शिकाऊने, आणि घरात, दिवा मालवल्यावर, माझ्या नवऱ्यानेसुद्धा.