स्टुलावरचे काका

हिंगण्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीन चालवणाऱ्या काकांची एक सवय मला दोनेक वर्षांपासून खुपत होती. कटर बदलायचा म्हणजे स्टुलावर चढून मशीनच्या डोक्यावरचा बोल्ट पान्यानं ढिला करावा लागे. तो सुटला तरी काका लगेच उतरत नसत. मशीनला कपाळ टेकून डोळे मिटून उभे राहत. मी केबिनमधून ओरडायचो, "काका, झालं का?"

"होऊन राहिलं भाऊ." रोज तेच उत्तर, त्याच थकलेल्या आवाजात.

शेवटी कंटाळून मी झटपट कटर बदलता येणारे होल्डर घ्यायचं ठरवलं. विक्रेता दोन नमुने ठेवून गेला. मला स्वस्तातला पसंत होता, पण वापरणार काका, म्हणून त्यांना निवडायला सांगितलं. अख्खी दुपार ते एकेक नमुना मशीनला लावत होते, कसत होते, सोडत होते. मग महागडा माझ्यापुढे ठेवला.

"हा घ्या. त्या स्वस्तातल्याले दोन हात लागते. हा खाली उभं राहून एकट्या डाव्यानं कसता येते."

"पण तुम्ही तर उजवे!"

"उजवा खांदा कामातून गेला भाऊ. वर नेला का डोळ्यासमोर अंधारी येते."

"मग इतके दिवस सांगितलं काहून नाही?"

त्यांनी चिंधीला हात पुसले. "सांगतलं असतं, त तुम्ही मशीनवर दुसरा माणूस उभा केला असता."

त्यांचं खरंच होतं; मी फोन उचलून विक्रेत्याला महागडाच पाठवायला सांगितलं.