अंगठ्याचा नेम

डाव जिंकला काय नि हरला काय, मावशींच्या तोंडून दोनच शब्द निघायचे, "पुन्यांदा मांडा." आणि आम्ही काही बोलायच्या आत त्या पदराच्या टोकानं कॅरमबोर्ड पुसायलाही लागलेल्या असायच्या.

ही गोष्ट शिरूरची, नव्वदच्या दशकाच्या अखेरची. लग्न होऊन मी भांडगावहून तिथं आले. एका ओळीत सहा खोल्या आणि समोर सामाईक अंगण, अशा ठिकाणी आमचं बिऱ्हाड होतं. बहुतेक घरांतले पुरुष कंपनीत कामाला. गुरुवारी त्यांना सुट्टी असायची, तेव्हा अंगणात त्यांचा कॅरम रंगायचा आणि आम्ही बायका कडेला मेथी निवडत बसायचो. एकदा शेजारच्या शोभाताई म्हणाल्या की बाकी सहा दिवस बोर्ड भिंतीला टेकूनच असतो, मग आपण का खेळू नये? शोभाताई बालवाडीच्या बाई, त्यांनी ठरवलं की ठरलं. सोमवारची संध्याकाळ आमची झाली. पाच वाजता मांडायचं आणि नळाला पाणी आलं की उठायचं.

मी, शोभाताई आणि उत्तर प्रदेशातून आलेली मीना, अशा तिघी झालो. चौथी मिळेना. शेवटच्या खोलीत मावशी राहायच्या. मूळच्या निमोण्याच्या. घरी पूर्वी मेंढरं होती. नवरा गेला, मेंढरं विकली आणि कंपनीत लागलेल्या मुलानं आईला शिरूरला आणलं. इथं त्यांना करायला काहीच नव्हतं. दिवसभर उंबऱ्यावर बसून रस्त्याकडे बघायच्या. शोभाताईंनी हाक मारली तेव्हा "बगू तर काय हाय" म्हणत आल्या आणि नऊवारीचा काष्टा सावरून थेट बोर्डापुढे बसल्या.

मधल्या बोटानं स्ट्रायकर मारायचा, हे त्यांना काही जमेना. दोनदा तो जागच्या जागी फिरला. मग त्यांनी गोट्या खेळताना मारतात तसा अंगठ्यानं टोला दिला. स्ट्रायकर सरळ गेला आणि लाल राणी भोकात पडली. मीनानं हिंदीत समजावलं की राणी नुसती घेऊन चालत नाही, तिच्यामागून दुसरी सोंगटी घालावी लागते, नाहीतर राणी परत बोर्डावर येते.

मावशींनी मान डोलावली. "राणीला सोबत लागती व्हय? बरूबर हाय. एकटी कशी जाईल?"

लहानपणी भावांबरोबर मेंढरांमागं फिरताना त्या गोफण मारायच्या. नेम तिथून आला होता. मला शिकवताना म्हणायच्या, "सोंगटीकडं न्हाई बगायचं. तिला जायाचं कुठं हाय तिकडं बगायचं." मी खूप बघितलं, पण माझी सोंगटी तिला हवं तिकडंच गेली. एकदा बोरिक पावडर संपली तर त्यांनी घरातून मूठभर ज्वारीचं पीठ आणून बोर्डावर पसरलं. गुरुवारी पुरुष खेळायला बसले तेव्हा फटींमधून मुंग्यांची रांग निघाली. पिठाचा उलगडा त्यांना शेवटपर्यंत झाला नाही आणि आम्हीही केला नाही.

एका गणपतीत गल्लीच्या मंडळानं जोडीच्या कॅरम स्पर्धा ठेवल्या. शोभाताईंनी गंमत म्हणून माझं आणि मावशींचं नाव देऊन टाकलं. फळ्यावर नावं लागली आणि मावशींचा मुलगा बिथरला. त्याच्या कंपनीतली निम्मी माणसं त्याच गल्लीत राहत होती. साठीची आई पुरुषांसमोर मांडी घालून कॅरम खेळणार, मग आपल्याला उद्या कामावर काय काय ऐकावं लागेल, हे त्याच्या डोक्यात बसलं. तो आईशी बोलेना. मावशींनी सोमवारी येणं बंद केलं.

त्या सोमवारी आम्ही तिघींनी बोर्ड मांडला आणि एका डावातच उचलून ठेवला. मी त्यांच्याकडे गेले, तर त्या उंबऱ्यावर बसलेल्या. म्हणाल्या, "ल्योक नाराज हाय. ऱ्हाऊ दे पोरी."

स्पर्धेच्या दिवशी आमचं नाव पुकारलं तेव्हा मी मांडवात एकटीच उभी होते. आता बाद करणार, एवढ्यात गर्दी बाजूला झाली. मावशी आल्या होत्या. केसांना तेल लावलेलं, अंगावर ठेवणीतलं लुगडं. घरी काय झालं ते त्यांनी मला नंतर सांगितलं. मुलासमोर दोन्ही हात धरून त्यांनी विचारलं होतं, "तुझी लाज माज्या कंच्या बोटात हाय, त्येवढं दाव. त्ये सोडून बाकीच्यांनी खेळते."

पहिल्या फेरीत कॉलेजातल्या दोन मुलांना आम्ही हरवलं. आम्ही म्हणजे मावशींनी. पुढच्या फेरीत समोर माझा नवरा आणि त्याचा मित्र. डाव अटीतटीला आला आणि मावशींनी राणी घेतली, तिच्या सोबतीची सोंगटीही घेतली. तेवढ्यात अंगठ्यानं मारणं चालत नाही अशी हरकत निघाली. हरकत कुणी घेतली म्हणता? आमच्याच ह्यांनी. मंडळाचे अध्यक्ष गोंधळले. कुजबुज सुरू झाली. मावशी खाली मान घालून बसल्या.

मांडवाच्या मागून आवाज आला, "अंगठा चालतो. आमच्या कंपनीच्या स्पर्धेत सगळे मारतात."

मावशींचा मुलगा होता. कधीपासून तिथं उभा होता, कोण जाणे. मावशींनी वर पाहिलं नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले. तो डाव आम्ही जिंकला. नवरा दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलला. अंतिम फेरीत मात्र आम्ही सपाटून हरलो. बक्षीस म्हणून स्टीलचे डबे हातात देताना अध्यक्षांनी मावशींना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी त्यांचे ते दोनच शब्द बोलून दाखवले. अख्खा मांडव हसला.

पुढे मुलाची नोकरी बदलली आणि ते दौंडला गेले. मावशी वारल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण त्याच्या आदल्या वर्षी मी त्यांना दौंडला भेटून आले होते. दोन्ही डोळ्यांनी त्यांना जवळजवळ दिसत नव्हतं. तरी खोलीच्या मधोमध बोर्ड मांडलेला. मुलगा शेजारी गुडघे टेकून बसला होता आणि आईचा हात धरून सांगत होता, "आई, काळी हाय. जरा डावीकडं. आनखी थोडं. हां."

मावशींनी अंगठा मारला. सोंगटी गेली आणि भोकाच्या अगदी काठावर थांबली. मुलानं माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि करंगळीनं ती हळूच आत ढकलली.

"पडली, आई."

मावशी क्षणभर ऐकत राहिल्या.

"ढकलू नगंस," त्या म्हणाल्या. "काढ भाईर."

तो हसत हसत वाकला, जाळीत हात घालून सोंगटी काढली आणि परत काठावर ठेवली.