मलबा केंद्रावरची पोती

इतक्या वर्षांनंतरही ती पोती माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाहीत. अमरावतीला राजापेठ भागात ड्यूटीवर असताना एका बाईचा ठाण्यात फोन आला. तिच्या शेजारची फुलवाली बरेच दिवस दिसली नव्हती. विचारलं की नवरा ‘अकोल्याकडं गेली’ एवढंच सांगायचा. दिवसभर घरातून हातोड्याचे आवाज येत, आणि तो स्कूटरवर जड पोती लादून कुठंतरी नेत असे.

अशी खबर हलक्यात घेता येत नाही. स्टेशन डायरीला नोंद करून आम्ही साध्या वेशात मागावर गेलो. पोती जात होती महापालिकेच्या मलबा संकलन केंद्रावर. विटा-फरशा तो एकीकडे रिकाम्या करत होता, घरातलं टाकाऊ सामान दुसरीकडे ठेवत होता. त्या सामानात बाईच्या चपला होत्या, जवळजवळ नव्या.

त्याला ठाण्यात आणलं. एसटीतून निवृत्त झालेला मेकॅनिक, तळहातांना फोड आलेले. बायको कुठं आहे विचारलं, तर गप्प. गप्प बसणारे आरोपी मी पुष्कळ पाहिले. त्यांची नजर दाराकडं असते. हा मान खाली घालून बसला होता. हवालदाराला बाहेर पाठवून मी चहा मागवला आणि चपलांचं विचारलं.

“तिले लकवा मारला साहेब,” तो म्हणाला. “बार्शीटाकळीले भावाकडे आहे. चपला आता पायात राहत नाही तिच्या. मले असं कोणी पाहू नये, कोणाले सांगू नका, असं म्हणे ती. म्हून नाही सांगितलं.”

खातरजमेसाठी घर पाहिलं. सगळे उंबरे काढलेले, न्हाणीचं दार रुंद केलेलं, भिंतीला बसल्या माणसाच्या हाताशी येईल असा कठडा. व्हीलचेअर फिरावी म्हणून हे सारं तो एकटा करत होता. गवंडी लावला असता तर गल्लीभर झालं असतं.

बार्शीटाकळीला फोन लावला. पोलीस म्हटल्यावर फुलवाली घाबरली. घर तिच्यासाठी तयार होतंय, एवढंच मी सांगितलं. मग अडखळत म्हणाली, “जेवले काय ते?”

काळजीपोटी शेजारणीनं फोन केला होता, हेही तिला सांगितलं. ती रडली. म्हणाली, “तिले सांगा, मी येऊन राहिली.”

गप्प माणूस काहीतरी लपवतो, हे नोकरीत शिकलो होतो. तो कोणासाठी लपवतो, हे विचारायला त्या दिवसापासून लागलो.

ती घरी आली तेव्हा मीही गेलो, गणवेश न घालता. खुर्ची शेजारीण ढकलत होती. “मले तरी सांगायचं होतं,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. फुलवालीनं लकव्यातून वाचलेला हात मागं नेऊन तिचं मनगट धरलं, ते आत जाईपर्यंत सोडलं नाही.