वार पडायच्या आधी

आमच्या गोठ्यातली पहिलारू गाय त्या दिवशी सकाळी व्याली. कालवड झाली. कालवडच व्हावी म्हणून यांनी मुद्दाम मादीच होईल असलं रेतन भरून घेतलं होतं, आणि आत्याबाईंनी गाईला रोज सरकीची ढेप भिजवून चारली होती. सासूला इथं आत्याबाई म्हणतात.

मी गोंदियाकडची. सातवीत शाळा सुटली, आणि पुढं लग्न होऊन थेट मंठ्याजवळच्या या गावात आले. आमच्याकडं धानाच्या बांध्या आणि बुटक्या गावठी गाई. इथल्या धिप्पाड काळ्यापांढऱ्या गाईनं नुसती मान हलवली तरी मी हातातलं दावं टाकून पळायचे. आत्याबाई हसायच्या, पण चारचौघांत कधी नाही. ते मी विसरलेली नाही.

हे मंठ्याला गेलेले. घरात आम्ही दोघीच. गाईनं वासराला चाटून कोरडं केलं, आणि आत्याबाईंनी ते उचलून लांबच्या खुंट्याला बांधलं.

"वार पडल्याबिगर चीक पाजायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "चीक काढला की वार आतच राहती. मंग गाय बी हातची जाती."

वार, म्हणजे वासरामागून येणारी पिशवी, गाईच्या मागं लोंबत होती, पडायचं नाव नाही. वासरू आधी धडपडत उठलं, पडलं, हंबरलं. मग हंबरायचंही थांबलं. मी त्याच्या तोंडात बोट घातलं तर तोंड गार. बोट चोखलंसुद्धा नाही त्यानं. मी रेतन भरणाऱ्या डॉक्टरांना फोन लावला आणि आत्याबाईंनाही ऐकू जावं म्हणून फोनचा आवाज मोठा केला.

"आधी चीक पाजा ताई," ते म्हणाले. "वार पडायची वाट बघू नका. ओढू पण नका. मी दुपारनंतर येतो."

आत्याबाईंनी ऐकलं. "त्याचं काय जातंय? गाय आपली हाय."

वासरू मेलं तर डोळ्यांदेखत मेलं, आणि पाजून गाईला काही झालं तर लांबून आणलेल्या सुनेनं भरला गोठा बुडवला, असं गाव म्हणणार. मला दोन्हीची भीती. रडूच आलं.

"रडून दूध पाजती का त्याला?" आत्याबाई करवादल्या. मग वासराकडं बघत राहिल्या. बघता बघता कासंडी माझ्या हातात दिली. "काढ. मी चहा ठेवते. मी काई बघितलं न्हाई."

पहिली धार माझ्या पायावरच गेली. बाटलीनं थेंब थेंब सोडला तेव्हा कुठं वासरानं जीभ हलवली. बाटली निम्मी झाली आणि त्यानं मला ढुशी दिली. हसावं की रडावं कळेना, कारण वार तशीच लोंबत होती.

तेवढ्यात शेजारच्या काकू दारात. "व्याली म्हणं! वार पडली का गं?"

वासराच्या तोंडाला पिवळा फेस, हातात बाटली. आत्याबाई चहा सोडून आल्या आणि शेणाची टोपली घेऊन बरोबर गाईच्या मागं उभ्या राहिल्या.

"पडली की. पुरली बी."

"एवढ्या जल्दी?"

"आमची गाय हाय मंग! चहा घेता का?"

चहा पिऊन होईपर्यंत काकू बसल्या. तोवर आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत, चहा मीच आणला. गाय शेपूट उडवायची आणि माझा कप बशीत वाजायचा.

काकू गेल्या तशा आत्याबाई मटकन खाली बसल्या. "आता न्हाई पडली तर माझं तोंड काळं," म्हणाल्या. तेव्हा कळलं, त्याही भ्यालेल्या होत्या.

उन्हं कलायला लागली. डॉक्टर अजून आले नव्हते. गाय बसली, पुन्हा उठली, पाठ वाकवून कुंथली, आणि वार सळकन खाली आली. सबंध. आत्याबाईंनी हात जोडले, ती टोपलीत भरली, वर शेण थापलं आणि खोरं घेतलं.

"दारात थांब," त्या म्हणाल्या. "काकू दिसल्या तर खोक."

मी थांबले. त्या मागं खड्डा खणत होत्या, आणि रस्त्यावर कुणाचंही लुगडं दिसलं की मला खोकला यायचा.