अर्धा तास इंजिन चालू

गाडीची बॅटरी उतरायला लागली की माणसं वैतागतात. ज्योतीनगरच्या अनसूयाबाई मात्र मनातून खूश व्हायच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, नवरा जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा मिहिर पुण्यात. दारातली जुनी गाडी त्यांना चालवता यायची, पण जायचं कुठं आणि कुणाकडं? उभ्या गाडीची बॅटरी खंगते, तशी ती खंगत होती.

लक्षणं बाईंना तोंडपाठ होती. आधी सेल्फ आळसावतो, चावी फिरवली की लगेच न उठता कण्हत राहतो. समोरच्या भिंतीवरचा दिव्यांचा उजेड पिवळा पडतो. काच वर चढताना दमते, हॉर्नचा आवाज बसतो. शेवटी चावी फिरवली की नुसतंच टकटक. बाई तोपर्यंत मुद्दाम गप्प बसायच्या आणि मग फोन करायच्या, "कडूबा, गाडी रुसली बघ."

ही विद्या कडूबानंच त्यांना शिकवलेली. गडी करमाडचा, जालना रोडवर त्याचं बॅटरीचं दुकान. यायचा, आपल्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडून ही गाडी सुरू करायचा आणि म्हणायचा, "काकू, आता अर्धा तास इंजिन बंद करू नका." नंतर ती पुन्हा सुरू होते का, हे बघितल्याशिवाय तो हलत नसे. तो अर्धा तास बाईंचा. आलं घालून चहा व्हायचा. कडूबा पायरीवर बसून बांधावरून सासऱ्याशी चाललेलं भांडण सांगायचा, आणि बाई हटकून सासऱ्याची बाजू घ्यायच्या. त्या घरात हसण्याचा आवाज काय तो तेवढाच.

"लई झालं काकू, बॅटरी बदला आता," तो दर खेपेला सांगायचा. "ऐन रस्त्यात दगा देईल."

"बघू पुढच्या महिन्यात," बाई म्हणायच्या. कंजूष म्हणाला तर म्हणू दे.

एका सकाळी तो न बोलावता आला, हातात नवी बॅटरी घेऊन. मिहिरनं पुण्याहून परस्पर सांगितलं होतं. पोरानं आईची काळजीच केली, त्याला बोल तरी काय लावणार? बाईंनी आधण ठेवलं. चहाला उकळी येईपर्यंत जुनी बॅटरी निघून नवी बसलीसुद्धा. गाडी लगेच उठली, आणि कडूबानं लगेच बंदही केली.

"चहा घेऊन जा."

"आज नको काकू, चिकलठाण्याला एक गाडी अडकलीय. आता तीन वर्षं माझं तोंड बघायची गरज नाय," तो हसत म्हणाला. बाईंचं भलं केलं, असंच त्याला वाटत होतं.

दोघांचा चहा बाईंनी एकटीनं संपवला. झोपण्याआधी त्यांनी गाडीतला छोटा दिवा मुद्दाम चालू ठेवला. जन्मभर पोरांना प्रामाणिकपणा शिकवलेली मास्तरीण, पण चोरपावलांनी घरात आली. सकाळी मोठ्या आशेनं चावी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली.

शेवटी त्यांनी फोन लावलाच.

"बोला काकू. बंद पडली का?"

खोटं बोलायला जीभ वळेना, आणि 'नुसताच ये रे' म्हणायला तर त्याहून वळेना.

"नाही. छान चालतेय."

"मग?"

"एवढंच सांगायचं होतं."

"बरं झालं," कडूबा म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.