आखूड धावपट्टी

आमच्या गच्चीवरून फ्लाइंग क्लबची जुनी, आखूड धावपट्टी दिसते. मोठा विमानतळ तिच्या पलीकडे, त्याच रेषेत आहे. परवा भर दुपारी एक भलंमोठं प्रवासी विमान चाकं बाहेर काढून चक्क या छोट्या धावपट्टीवरच उतरायला आलं. अगदी खाली आल्यावर वैमानिकाला चूक कळली. कानठळ्या बसवत विमान वर गेलं आणि आमचे वाळत घातलेले कपडे गच्चीभर झाले.

आत तोच असावा, असं मला फार वाटलं. माझ्या धाकट्या बहिणीशी साखरपुडा करून, पेढे मागून मागून खाऊन, लग्नाच्या तोंडावर "चूक झाली, वेळीच लक्षात आलं हे बरंच ना?" म्हणून निघून गेलेला वैमानिक. चुकणाऱ्याला परत जायला सगळं आभाळ मोकळं असतं. धूळ खालच्यांनी खायची. सगळ्या प्रवाशांसमोर त्याची मान खाली जावी, असं मी मनापासून मागितलं.

कपडे गोळा करता करता बहीण थांबली. विमान दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली.

"उतरायला हवं होतं गं ताई," ती शांतपणे म्हणाली. "एवढ्याशा पट्टीवरून पुन्हा उडता आलं नसतं त्याला."