आत्यांचं उभं राहणं

नुसतं उभं राहणं ही कला या भूतलावर एकाच व्यक्तीला साधली आहे, आणि ती म्हणजे माझ्या नवऱ्याची आत्या. तुम्ही-आम्ही उभे राहतो ते बस यायची असते म्हणून, नंबर लागायचा असतो म्हणून. आत्यांना कुठे जायचं नसतं, काही घ्यायचं नसतं. सत्तरी ओलांडलेली, पाच फुटांच्या आतली ही बाई भाच्याचं जुनं जॅकेट अंगात अडकवून, हात मागे बांधून उभी राहते आणि बघते. ओरडत नाही, रागावत नाही. पण ती नजर पडली की समोरचा माणूस आपोआप शर्टाचं बटण लावतो. जन्मभर शिकागोच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, परीक्षांना पहारा दिला, तेव्हा पाया तिथेच पक्का झाला असणार. कळस मात्र पॅलेस्टाइनमध्ये चढला.

झालं असं, की शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या त्यांच्या एका चर्चवाल्या मैत्रिणीनं विचारलं, तीन महिने येतेस का? तिथे लष्कराचे नाके आहेत. पॅलेस्टिनी माणसं पहाटेच कामाला, शाळेला, दवाखान्याला निघतात, लोखंडी फिरत्या दारातून एकेक करून जातात, सैनिक परवाना बघतात. कुणाला सोडतात, कुणाला परत पाठवतात. आपण बाजूला उभं राहायचं, बघायचं, आणि घरी आल्यावर जे पाहिलं ते लोकांना सांगायचं. आत्यांनी लगेच बॅग भरली. आम्हाला वाटलं, चला, तीर्थयात्रा होईल. "म्हणजे मध्ये पडायचं नाही? भांडायचं नाही?" माझ्या नवऱ्यानं विचारलं. "भांडायला मिळालं असतं तर सोपं होतं रे," आत्या म्हणाल्या.

तीन महिन्यांनी परत आल्या त्या ही खोड घेऊनच, आणि जित्याची खोड कशानं जाते ते तुम्हाला ठाऊक आहे. मंडळाच्या गणपतीला जेवणाची रांग थेट पार्किंगपर्यंत गेली होती आणि कमिटीची मंडळी बाजूच्या दारानं गुपचूप ताटं भरून नेत होती. आत्या त्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. थोड्या वेळानं अध्यक्ष रिकामं ताट घेऊन रांगेच्या शेपटाला. "आत्या, तुम्ही नाही जेवणार?" त्यांनी जाता जाता ओशाळून विचारलं. "जेवेन की. तुमचं होऊ द्या सावकाश," आत्या म्हणाल्या. त्या वर्षी मसालेभात सगळ्यांना पुरला, हे मुद्दाम सांगायला हवं.

हे ठीक होतं. पण एकदा रस्त्यात पोलिसांनी कुणा पोराची गाडी थांबवलेली दिसली, तर आत्यांनी मला गाडी शेजारच्या दुकानाच्या आवारात घ्यायला लावली आणि उतरून उभ्या राहिल्या. पोलिस चालत आला. "मॅम, काही मदत हवी आहे का?" "नो, थँक यू. आय ॲम जस्ट स्टँडिंग." इकडे माझं काय झालं ते मलाच माहीत. आमची ग्रीन कार्डची फाइल कुठल्या तरी टेबलावर धूळ खात पडलेली, आणि ही बाई पोलिसाकडे परीक्षेत कॉपी पकडल्यासारखी बघतेय. पोलिस हसला, पोराला समज देऊन सोडून दिलं. मी मात्र घरी येताना भडकलेच. म्हटलं, "आत्या, तुमच्या नुसतं उभं राहण्यानं होतं काय हो?"

त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तिथेही एकानं हेच विचारलं होतं." रोज नाका ओलांडून कामाला जाणारा एक शिंपी. 'तुम्ही बघताय म्हणून दार लवकर उघडतं का?' आत्या म्हणाल्या, नाही. तो हसला, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी तिळाचा गोल पाव घेऊन आला. मग रोजच दोन शब्द व्हायला लागले. शेवटच्या दिवशी आत्यांनी सांगितलं, मी निघाले. तेव्हा त्यानं एवढंच विचारलं, 'मग उद्या कोण?' "माझ्या तोंडून निघून गेलं गं, मीच येते परत म्हणून. शब्द देऊन बसलेय."

त्यासाठी त्यांनी वर्षभर तळ्याभोवती फेऱ्या मारल्या, मेथीचे लाडू खाल्ले, यूट्यूबवर अरबीचे चार शब्द शिकल्या. पण गुडघ्यांनी दगा दिला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता फार वेळ उभं राहणं बंद. तिकडे पाठवणाऱ्या मंडळींनीही प्रेमानंच नाही म्हटलं. आत्यांनी जॅकेट तेवढं धुऊन, घडी करून भाच्याला परत दिलं. मला फार वाईट वाटलं. इतके दिवस ज्या उभं राहण्याला मी वैतागले होते, तेच थांबल्यावर घर सुनं वाटायला लागलं.

परवा त्यांना तपासणीला दवाखान्यात नेलं होतं. काउंटरवर डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी, बहुधा अरबी बोलणारी, हातात कागद घेऊन उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, आणि पलीकडची मुलगी तेच ते वाक्य दर वेळी आणखी मोठ्यानं म्हणत होती. शेजारी खुडबुड झाली. बघते तर आत्या वॉकरला धरून उठायच्या बेतात. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा आत्या."

"बसते. पण मग तू ऊठ."

मी उठले. म्हातारीच्या बाजूला, जरा अंतर ठेवून उभी राहिले. हातांचं काय करावं कळेना, म्हणून ते मागे बांधले. काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडे पाहिलं, म्हातारीकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. बऱ्याच वेळानं का होईना, तिनं दुभाष्याला फोन लावला. म्हातारीनं जुनी ओळख असल्यासारखी माझ्याकडे बघून मान हलवली.

परत येऊन बसले, तर आत्या म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी हात मागे नाही बांधायचे. लोकांना वाटतं, साहेब आलाय." मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. "तिथे आता संध्याकाळ झाली असेल. परतत असतील सगळे."

मी त्यांचा हात हातात घेतला. आतून त्यांचं नाव पुकारलं, तरी आम्ही दोघी जरा वेळ उठलो नाही.